‘आज तुमचं एकटंच बाळ आहे’: लसीकरण केंद्रातले तुमचे अनुभव सांगा

कळंब्याची_सून

नमस्कार मंडळी. धागा वैतागून काढतेय, सांभाळून घ्या.

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले. गोवर-रुबेलाची (एमआर) लस द्यायची होती. सरकारी केंद्रात सत्राच्या दिवशी सकाळीच गेले. (केंद्राचं नाव घेत नाही. सिस्टर वाईट नाहीत, त्यांना त्रास नको.) ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा, जाण्यायेण्याची रिक्षा, सोबत सासूबाई. बराच वेळ बाकावर बसवल्यावर सिस्टर म्हणाल्या, “आज एमआरला तुमचं एकटंच बाळ आहे. बाटली फोडली तर उरलेले डोस फेकावे लागतील. पुढच्या सत्राला या, तोवर अजून चार-पाच बाळं होतील.”

आता मला सांगा, असं परत पाठवता येतं का? आणि पुढच्या सत्राची वाट बघू की सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ? सासरे म्हणतात, आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय. नवरा म्हणतो, पैसे भर आणि मोकळी हो. मला दोघांचंही पटेना.

केंद्रातले बाकीचे बरेवाईट अनुभवही लिहा. सरकारी असो वा खासगी.

तांबडा_पांढरा

पुढच्या सत्राला जाताना शेजारपाजारची चार पोरं टेम्पोत घालून न्या. विषय हार्ड!

मुक्काम_पुणे

फुकट मिळणाऱ्या सेवेत हे होणारच. आम्ही पहिल्यापासून खासगीत. आधी वेळ घ्यायची, वीस मिनिटांत काम संपतं. वर न दुखणारी लस. पोराला ताप नाही, आपल्याला जागरण नाही.

तांबडा_पांढरा

@मुक्काम_पुणे, आणि बिल बघून ताप येतो तो कुणाला?

मुक्काम_पुणे

तो बापाला. पण त्याला पॅरासिटामॉल चालतं.

राजारामपुरी_७वी_गल्ली

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या पहिल्याच्या वेळी दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं, दर खेपेला चार-पाच हजार गेले. तेव्हा न्यूमोनियाची लस सरकारीत नव्हतीच, रोटाही (जुलाबाची) नव्हती. दुसरी झाली तेव्हा दोन्ही सरकारी यादीत आल्या होत्या (न्यूमोनियाची, म्हणजे पीसीव्ही, २०२१ पासून देशभर). मग काय, दुसरीला सगळं सरकारी केंद्रात. पुण्यात बनलेली लसच दोन्हीकडे येते हो. पेंटाची (पाच रोगांवरची एकत्र लस) बाटली नीट वाचा, बऱ्याचदा सीरमचीच असते.

मुक्काम_पुणे

पुण्याचं नाव निघालं, मी समाधानी आहे.

उपकेंद्रातली_ताई

मी आरोग्य सेविका आहे, करवीरच्या बाहेरच्या एका तालुक्यात. एरवी या ग्रुपवर वाचनमात्र असते, पण इथं लिहिल्याशिवाय राहवेना.

कळंब्याच्या ताई, आधी तुमच्या सिस्टरची बाजू. गोवर-रुबेला आणि बीसीजी (क्षयाची) या दोन्ही लसी पावडर स्वरूपात येतात. द्रावण घालून विरघळवल्या की चार तासांत संपवायच्या, नाहीतर फेकायच्या. त्यात जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं, त्यामुळे तिथं हयगय चालतच नाही. बाटली फोडल्याची वेळ आम्ही लेबलवर पेनाने लिहितो. पेंटा, पोलिओचे थेंब, पोलिओचं इंजेक्शन, पीसीव्ही यांचं तसं नाही. बाटली नीट थंड राहिली आणि झाकणावर किंवा लेबलवर उष्णता लागली की रंग बदलणारा जो चौकोन असतो तो ठीक दिसला, तर उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत चालते.

आता तुमची बाजू. एका बाळासाठीसुद्धा बाटली फोडायची, असंच आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. आलेलं बाळ लस न देता परत पाठवायचं नाही. पण महिन्याच्या बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा हिशेब विचारला जातो, आणि परत गेलेल्या बाळाचा हिशेब सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे काहीजणी हात आखडता घेतात. मी त्यांचं समर्थन करत नाही. असं होतं कसं ते फक्त सांगितलं.

आता मला एक सांगा. नऊ महिन्यांना एमआरबरोबर पीसीव्हीचा बूस्टर असतो, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस असतो (हा जानेवारी २०२३ पासून सुरू झाला) आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. हे तरी त्या दिवशी दिलं का?

कळंब्याची_सून

@उपकेंद्रातली_ताई, नाही हो! काहीच दिलं नाही. “सगळं एकदमच घेऊ” म्हणाल्या. मला वाटलं एकच लस असते नऊ महिन्यांची.

उपकेंद्रातली_ताई

हेच खटकलं. एमआर थांबवली तरी बाकीचं त्याच दिवशी देता आलं असतं. एका लसीपायी बाळाचे चार डोस मागे पडले.

आता असं करा. कार्डाच्या मागे आशाताईचा नंबर असेल, तिला फोन करा. तिच्याकडे सत्राला येणाऱ्या बाळांची यादी असते. नऊ महिन्यांची किती बाळं आहेत ते ती सांगेल आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलावेल. तरीही बाटली फोडायला नाही म्हणाले, तर शांतपणे वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. भांडू नका, नुसतं विचारा. आणि खासगीत जायचं ठरवलंच, तर तिथं एका डोसाची बाटली असते, थांबावं लागत नाही. ते गालगुंडाचीही मिळून एमएमआर देतात. आमच्याकडे गालगुंडाची नाही. खासगीत घेतली तर कार्डावर लिहून घ्या आणि तुमच्या सिस्टरला दाखवा, म्हणजे रजिस्टरला नोंद होते.

फुलेवाडीची_आज्जी

नातीचा मोबाईल आहे, टाइप तिच्याकडून करून घेतेय. मला एकच विचारायचंय, एका दिवसात चार-चार टोचण्या कशाला? आमच्या वेळी एक सुई आन् वर्षभर निवांत. लेकराचा जीव केवढा.

गडहिंग्लजकर_डॉ

आज्जी, आपला प्रश्न रास्त आहे, दवाखान्यात रोज विचारतात. (मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझा दवाखाना इथे सांगणार नाही, जाहिरात नको.) बाळ जमिनीवर रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्यात त्याचं शरीर रोज कितीतरी जंतूंशी झुंजतच असतं. चार लसींचा भार त्यापुढे काहीच नाही. वेगवेगळ्या जागी दिल्या की झालं. उलट चार वेगळ्या दिवशी बोलावलं तर चारदा रडणार, आणि चौथ्या दिवशी आईला सुट्टी मिळणार नाही.

मुक्काम_पुणे यांच्या ‘न दुखणाऱ्या’ लसीबद्दल थोडं. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो घटक आहे तो पूर्ण पेशीचा असतो. त्याने ताप येतो, मांडी दुखते, बाळ एक-दोन दिवस किरकिरतं. खासगीतल्या महाग लसीत त्या पेशीचे निवडक भागच असतात, म्हणून त्रास कमी. पण पूर्ण पेशीच्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं. परवडत असेल आणि जागरण नको असेल तर महागडी घ्या, काही वाईट नाही. पण सरकारी लस घेतली म्हणून बाळाला कमी दर्जाचं मिळालं, असं मनात आणू नका.

बाबा_सदर_बाजार

ताप आला की काय करायचं यावर आमच्या घरात महायुद्ध झालं. आई म्हणायली गरम पाण्यानं शेक, बायको म्हणायली बर्फ लाव, आत्ती म्हणायली हळद लाव, आन् शेजारची मावशी मांडी चोळायला बसली. पोरगं रडायलंय, मी कोपऱ्यात.

गडहिंग्लजकर_डॉ

चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद तर अजिबात नाही. फार सुजलं असेल तर थंड पाण्यात पिळलेलं कापड ठेवा. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील तेवढंच. आणि तुम्ही कोपऱ्यातून बाहेर या.

बाबा_सदर_बाजार

@गडहिंग्लजकर_डॉ, येतो हो, पण येऊ देत नाहीत! ऐका. एकदा बायकोला कामावरची पाळी बदलता येईना म्हणून मीच पोरगं घेऊन गेलतो. सगळ्या बायका. मी दारात दिसलो की एक मावशी, “आई कुठाय बाळाची?” आत सिस्टर, “आई नाही आली?” वजनकाट्यावरची बाई, “आईला काय झालं?” मला वाटाय लागलं मी पोरगं पळवून आणलंय. मग दूध कधी पाजलं, शेवटची लस कधी, गेल्या वेळी ताप आलता का, हे सगळं विचारलं आन् मला पटापट सांगता आलं. सिस्टर शेवटी म्हणाल्या, “बाबांना बरंच ठाऊक आहे की!” ते कौतुक मी अजून घरात वापरायलोय.

शिरोळची_लेक

तो प्रश्न मलाही खुपतो. बायकोची पाळी बदलली नाही तर बाळाची लस चुकते, नवऱ्याची पाळी कुणी मोजतच नाही. इचलकरंजीत माझी नणंद यंत्रमागाशी संबंधित कामावर जाते. सत्र सकाळी दहा ते दुपारपर्यंत. त्या दिवसाची हजेरी जाते म्हणजे जातेच. लस फुकट, पण तिला तो दिवस फुकट पडत नाही. त्यात परत पाठवलं तर अजून एक हजेरी. वर कुणीतरी लिहिलं ‘फुकट मिळणाऱ्या सेवेत हे होणारच’, त्यांनी एकदा हा हिशेब करावा.

मुक्काम_पुणे

@शिरोळची_लेक, मान्य. तो विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

आजोबा_शिवाजी_पेठ

तरुण मंडळींनो, लस म्हणजे काय ते आम्हाला विचारा. माझ्या दंडावर देवीच्या टोचणीचे व्रण आजही रुपयाएवढे आहेत. सरकारी माणूस गल्लीत आला की पोरं माळ्यावर, पोत्यामागं, कोण हौदात. तरी पकडून आणत. त्या काळात भिंतीभिंतीवर रंगवलेलं असायचं, ‘देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा’. सत्तरच्या दशकात हजार म्हणजे मोठी रक्कम. आम्ही मित्र मंगळवार पेठेपर्यंत रोगी शोधत फिरलोय.

तांबडा_पांढरा

आजोबा, मिळाले का हजार?

आजोबा_शिवाजी_पेठ

कुठले? १९७५ नंतर देशात देवीचा रोगीच सापडला नाही. आमचे हजार बुडाले.

रंकाळा_वॉक

आजोबा 😂

माझा प्रश्न वेगळा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, सातारा जिल्ह्यात. बीसीजी, पोलिओ, जन्मतःची कावीळ ब ची लस, दीड महिन्याचं, सगळं तिथं. अडीच महिन्यांनी कोल्हापुरात सासरी आले. इथल्या आशाताईला आमच्या घरात बाळ आहे हेच माहीत नाही! माहेरची आशा फोन करून विचारतेय, “ताई, डोस कधी घेणार?” आणि इथली गल्लीतून निघून जातेय. आता पुढचे डोस इथं देतील का, की माहेरीच जावं लागेल?

उपकेंद्रातली_ताई

कुठेही देतात. कार्ड घेऊन जा, बस. गरोदरपणी नोंद माहेरी आणि बाळ सासरी, या फटीत आपल्याकडची बरीच बाळं हरवतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे, ती काही बदलणार नाही. म्हणून आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन यादीत, नोंद करतात. मोबाईल नंबर सांगितला की मागची नोंद दिसते आणि देशात कुठेही पुढचा डोस घेता येतो. नंबर मात्र तोच ठेवा. दर दोन महिन्यांनी सिम बदललं तर आम्ही काय करणार!

आणि हो, उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथं थांबलं तिथून पुढे. हे सगळ्यांसाठी सांगते, कारण “आता वेळ गेली, मग कशाला जायचं” म्हणून घरी बसणाऱ्या आया मी रोज बघते.

राजारामपुरी_७वी_गल्ली

कार्डावरून आठवलं. आमच्या ह्यांनी बाळाचं कार्ड खराब होऊ नये म्हणून हौसेनं लॅमिनेट करून आणलं. पुढच्या सत्राला सिस्टर पेन घेऊन बसल्या, शाई उमटेना. मार्कर आणला, तो पुसला गेला. शेवटी आतल्या बाजूने ब्लेडनं कापून काढलं. सिस्टर म्हणाल्या, “कॉलेजच्या सर्टिफिकेटला लावा की हे!”

बाबा_सदर_बाजार

आमच्यात ते कार्ड साडीच्या पिशवीत, साडीची पिशवी ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आईकडं, आई गावाला.

शिरोळची_लेक

हसताय, पण २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतल्या कित्येक घरांची कार्डं लगदा होऊन गेली. ऑगस्टचे दिवस, शिरोळ तालुक्यात पाणीच पाणी, हायवे बंद. आम्ही शाळेतल्या छावणीत होतो. माझं बाळ साडेतीन महिन्यांचं, त्या आठवड्यात त्याची पेंटाची तिसरी होती. मला लस आठवतसुद्धा नव्हती, अंथरूण कोरडं मिळेल का याचीच काळजी. छावणीत एक आरोग्य सेविका आली, बाळांची यादी केली. पाणी ओसरल्यावर केंद्रात गेले तेव्हा माझ्याकडे कार्ड नव्हतं. तिनं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून सांगितलं, “दोन झालेत, तिसरी राहिली.” तिचं स्वतःचं घर पाण्यात गेलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

पण एक शंका तेव्हापासून मनात आहे. इतके दिवस वीज नव्हती, मग ती लस चांगली राहिली होती हे कशावरून?

उपकेंद्रातली_ताई

@शिरोळची_लेक, चांगला प्रश्न. केंद्रात जो फ्रीज असतो तो घरातला नसतो. वरून झाकण उघडणारा, आत बर्फाचं अस्तर असलेला. वीज गेली तरी झाकण बंद ठेवलं तर आतली थंडी बराच वेळ टिकते. जास्तच वेळ लागणार असेल तर लसी बर्फाच्या पेटीतून वीज असलेल्या केंद्रात हलवतात. आणि प्रत्येक बाटलीवर तो चौकोन असतोच. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस ठीक. दोन्हींचा रंग सारखा झाला, की बाटली बाद. पुढच्या वेळी सिस्टरला म्हणा, “जरा चौकोन दाखवा.” दाखवायलाच हवा.

गडहिंग्लजकर_डॉ

याच्या उलट बाजूकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेंटा, पीसीव्ही, कावीळ ब या लसी गोठल्या तरी निकामी होतात. उन्हाची भीती सगळ्यांना, बर्फाची कुणालाच नाही. लस २ ते ८ अंशांतच हवी. आम्हा खासगीवाल्यांनाही विचारा की तुमचा फ्रीज कसला, तापमान लिहून ठेवता का, त्यात दुसरं काय ठेवता. राग आला तर दुसरा डॉक्टर शोधा.

तांबडा_पांढरा

एका दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये मी दह्याचं भांडं बघितलंय. नाव घेत नाही. दही घट्ट होतं.

ऊस_आणि_मी

भोगावती खोऱ्यातला शेतकरी. माझा अनुभव माझ्या पोरांचा नाही.

दिवाळी झाली की आमच्या शिवारात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या. नदीकाठी कोप्या (झोपड्या) पडतात. पहाटे चारला बायका-पुरुष फडात. कोपीत आठ-नऊ वर्षांची पोरगी, तिच्या काखेत तान्हं. दोन वर्षांपूर्वी आमच्या आशाताई दुपारी कोप्यांवर गेल्या, कुणी नाही. संध्याकाळी गेल्या, बायका भाकरी थापत होत्या, म्हणाल्या कार्ड गावाकडं. मुकादम म्हणाला, काम थांबवायचं नाही. मग आशाताई आणि नर्सबाईंनी मला विचारलं, तुमच्या गोठ्यापाशी अंधार पडायच्या आत सत्र घेऊ का? घेतलं. बैलं बाजूला बांधली, खाटल्यावर पेटी ठेवली. ज्या पोरांचं काहीच झालं नव्हतं त्यांना पहिला डोस, बाकीच्यांना आईच्या आठवणीवर. एक बाई म्हणाली, “मागच्या हंगामात सांगलीकडं होतो, तिथं दंडाला दिलं होतं.” दंडावर बीसीजीचा डाग दिसला, बाकी काय झालं ते कुणाला ठाऊक.

पुढच्या डोसाला टोळी दुसऱ्या गावात गेली होती. तिथल्या आशाताईला फोन केला म्हणे आमच्या ताईंनी. पुढं काय झालं ते मला कळलं नाही.

रंकाळा_वॉक

@ऊस_आणि_मी, यावर स्वतंत्र धागा काढा, प्लीज.

फुलेवाडीची_आज्जी

आशाबाईला प्रत्येक पोरामागं पैसे मिळतात, म्हणून त्या मागं लागतात असं आमच्या गल्लीत म्हणतात. खरं काय?

उपकेंद्रातली_ताई

आज्जी, मिळतात. एका बाळाचं पहिल्या वर्षाचं सगळं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं पूर्ण झालं की ७५. तेवढ्यासाठी वर्षभर किती चपला झिजतात ते तुमच्या गल्लीला सांगा.

तांबडा_पांढरा

१०० रुपयांत हल्ली मिसळ आणि जादा कट पण नीट येत नाही.

मास्तर_कागल

प्राथमिक शिक्षक. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळेत झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं सगळ्यांना. त्या वेळचं विसरता येत नाही. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कसले कसले व्हिडिओ फिरले, आणि सकाळी निम्मा वर्ग रिकामा. पालक गेटवर, “आमच्या पोरीला द्यायची नाही.” आम्ही सांगून थकलो. उपयोग झाला तो एका आजीचा. तिचा धाकटा दीर लहानपणी गोवरानंतरच्या न्यूमोनियानं गेलेला. ती गेटवर उभी राहून दुसऱ्या बायकांना म्हणाली, “तुमी गोवर बगितला न्हाई, मी बगितलाय.” दुपारपर्यंत बरीच पोरं आली. आम्ही मास्तर मंडळी माहितीपत्रकं वाटत होतो, ती कुणी वाचली नाहीत.

मुक्काम_पुणे

गोवराला कडुनिंबाचा पाला लावून अंधाऱ्या खोलीत ठेवायचे ना पूर्वी? आमच्या घरात डॉक्टरकडे न्यायचं नाही असा दंडक होता.

आजोबा_शिवाजी_पेठ

ठेवायचे. दारावर पाल्याचा डहाळा दिसला की आम्ही पोरं त्या घरासमोरून पळत जायचो. तेवढा एक उपयोग होता त्याचा, बाहेरच्या पोरांना.

वीटभट्टी_रोड

इथं सगळे शहाणे जमलेत तर विचारून घेते. बीसीजीची जागा दीड महिन्यानं फुगली, मग पू आला. सासूबाई म्हणतात सुई घाण होती. मलम लावू का?

गडहिंग्लजकर_डॉ

काही लावू नका. तिथं असंच होतं. गाठ येते, फुटते, वाळते आणि व्रण राहतो. अंघोळ नेहमीसारखी घाला. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम लांबली तर दाखवा. सुई घाण असण्याचा प्रश्न नाही. सरकारी केंद्रात वापरतात ती सुई एकदा दाबली की अडकते, दुसऱ्यांदा वापरताच येत नाही.

वीटभट्टी_रोड

धन्यवाद डॉक्टर. आणि सर्दी असताना नेलं तर चालतं का? गेल्या वेळी बाळ शिंकलं म्हणून सिस्टरनीच परत पाठवलं.

गडहिंग्लजकर_डॉ

साधी सर्दी, थोडा खोकला, किरकोळ जुलाब, बारीक कणकण, यांत लस थांबवायची नसते. खूप ताप असेल किंवा बाळ मलूल असेल तर थांबा. मुलांना वर्षातले निम्मे महिने शेंबूड असतो, त्याची वाट बघत बसलो तर लसीकरण दहावीच्या परीक्षेपर्यंत चालेल.

कळंब्याची_सून

बरेच दिवसांनी येतेय. सगळ्यांचे आभार.

ताईंनी सांगितलं तसं आशाताईंना फोन केला. त्यांच्या यादीत आमच्याच भागातली नऊ महिन्यांवरची अजून बाळं निघाली, काहीजणींना मागच्या वेळी असंच परत पाठवलेलं. त्यांनी सगळ्यांना एकाच सत्राला बोलावलं. मी त्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून शांतपणे विचारलं. ते म्हणाले, “एका बाळालाही द्यायची असते, मी सिस्टरशी बोलतो.” बोलले असावेत, कारण त्या दिवशी सिस्टर माझ्याशी जरा तुटकच होत्या. पण काम चोख केलं. उजव्या दंडावर एमआर, डाव्या दंडावर पोलिओची छोटी सुई, उजव्या मांडीत पीसीव्ही, आणि चमच्यानं अ जीवनसत्त्व. कुठली लस कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कधी, हे सगळं न विचारता सांगितलं. अर्धा तास बसवून ठेवलं. त्या अर्ध्या तासात सासूबाईंनी तिथल्या तीन बायकांना आमच्या घराची वंशावळ सांगितली.

नवऱ्याला या वेळी सोबत नेलं होतं. “आई कुठाय?” कुणी विचारलं नाही, कारण मी शेजारीच होते. 😄

सिस्टरचा तुटकपणा मात्र मनाला लागलाय. तक्रार नव्हती हो केली, नुसतं विचारलं होतं.

उपकेंद्रातली_ताई

बरं केलंत. सिस्टरचा राग जाईल, आम्हाला राग धरायला वेळ नसतो. दीड वर्षाच्या डोसाला जाताना लवकर जा. त्यात एमआरचा दुसरा, ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओचे थेंब असतात. सोळा महिने पूर्ण झाले की लगेच देता येतं. याच डोसाला गळती सगळ्यात जास्त, कारण बाळ चालायला लागलं की आयांना वाटतं सगळं झालं.

बाबा_सदर_बाजार

ताई, शेवटचं. आमचा पाच वर्षांचा झाला, बालवाडीत आहे. पाच वर्षांची ट्रिपल शाळेत देणार की केंद्रात न्यायचं? शाळेत बाई म्हणतात आम्हाला माहीत नाही.

उपकेंद्रातली_ताई

वाट बघू नका, कार्ड घेऊन केंद्रात न्या. पाच ते सहा वर्षांत ट्रिपलचा दुसरा बूस्टर. तो आता मोठा आहे, मांडीत नाही, दंडावर देतात. पळणार आहे हे गृहीत धरा.

बाबा_सदर_बाजार

मग कार्ड शोधायला पाहिजे. आईला फोन लावतो, किल्ली कुठं ठेवल्या विचारतो.

मास्तर_कागल

@बाबा_सदर_बाजार, तुमच्या शाळेतल्या बाईंना माझा निरोप द्या, दहा आणि सोळा वर्षांची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) पण असते. तीही पालकांना सांगा म्हणावं. आमच्याकडं दरवर्षी निम्म्या पालकांना ती माहीतच नसते.